चार सेकंदांचा डोंगर

थेंबमावशीला कुठल्याही गोष्टीचा रंग विचारू नये. विचारलात तर ती रंग सांगत नाही, कृती सांगते. "पांढरा बेस. पिवळी माती सहा थेंब, काळा अर्धा." हे माझ्या नव्या स्वेटरचं वर्णन आहे. दुकानदार त्याला 'बदामी' म्हणाला होता. मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा आईने कपाळाला हात लावला, थर्मामीटर शोधला, डॉक्टरांना फोन लावला. मावशी दारातूनच म्हणाली, "हिच्या पांढऱ्यात हिरवा पडलाय. एक थेंब. बादली आण, ओकणार ही."

बादली यायच्या आत मी तिचा शब्द खरा केला.

ती माझ्या आईची मोठी बहीण. बावीस वर्षं कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात रंग मिसळते. दुकानात त्यासाठी यंत्रही आहे. बटण दाबलं की गुरगुरतं आणि शेड कार्डावरचा रंग बनवून देतं. पण यंत्राला नवा रंग कळतो, जुना कळत नाही. कुणाच्या जिन्यातला पोपडा निघतो, कुणाच्या खिडकीची चौकट अर्धीच रंगवायची असते, मग लोक जुन्या रंगाचा खपला रुमालात बांधून आणतात, दाढ पडल्यासारखा, आणि म्हणतात, "अगदी अस्सा." मावशी खपला उजेडात धरते, एक डोळा मिटते आणि बाटल्या उचलते. तांबडा ऑक्साइड दोन. पिवळी माती नऊ. ढवळते, डब्याच्या झाकणावर बोटभर रंग लावते आणि केस वाळवायच्या ड्रायरने तो वाळवून बघते. कारण ओल्या रंगावर तिचा काडीचा विश्वास नाही.

"ओला रंग म्हणजे लग्नाला निघालेला माणूस," ती म्हणते. "खरा कसा दिसतो ते दुसऱ्या दिवशी कळतं."

रंग जुळला की थेंबांचे आकडे चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी काउंटरमागच्या खिळ्याला टोचायची. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली आकडे. मग डबे ती करो नाहीतर मालक करो, चिठ्ठीवर आहे ते घालायचं, डोकं चालवायचं नाही. दुकानाचे मालक भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं वाक्य एका दमात सुरू होत नाही. धक्का मारून चालू करावं लागतं. "म्हणजे मी काय म्हणतो, बाई, म्हणजे असं बघा, म्हणजे आता जेवायला जायचं का?"

हे झालं पोटापाण्याचं. पण मावशी चित्रंही काढते. दर वर्षी पानगळ सुरू झाली की चार दिवसांची रजा टाकते आणि डोंगरावर जाणारी बस पकडते. बरोबर घडीचं स्टूल, चहाचा थर्मास आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या रंगांच्या बाटल्या. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती एकच चित्र काढायची. म्हणजे चित्रं वेगवेगळी, पण ऐवज तोच: एक घर, घरामागे डोंगर, डोंगरावर लाल-पिवळी झाडं, धुराड्यातून धूर, दाराशी कुंपण. सगळ्यांना ती फार आवडायची. नात्यातल्या एकाही घराची भिंत सुटलेली नाही. आमच्याकडे दोन आहेत. त्यातलं एक ओल झाकायला.

सगळ्यात मोठा चाहता म्हणजे मावशीचा नवरा, आमचे काका. काका शाळेत भूगोल शिकवतात, आणि घरी आल्यावरही शिकवतात. नवं चित्र आलं की चष्मा कपाळावर चढवतात, हात मागे बांधतात आणि चित्रासमोर तपासणीला आलेल्या साहेबासारखे उभे राहतात.

"रुंदपर्णी पानझडी वन," काका जाहीर करतात. "उतार पश्चिमेकडे. नदी डावीकडे असणार, दिसत नसली तरी. वा! पण अगं, हा धूर वाऱ्याच्या उलट चाललाय."

"अहो, वारा पडला होता."

"मग सरळ वर जाऊ दे ना!"

मावशी निमूटपणे धूर सरळ करायची.

अकरा वर्षांपूर्वी पाऊस लागला. नेहमीच्या थांब्यावर उतरून चिखलात स्टूल मांडायचं जिवावर आलं, म्हणून मावशी बसमध्येच बसून राहिली, म्हटलं शेवटच्या गावापर्यंत जाऊ आणि परत येऊ. या मार्गावरचा ड्रायव्हर तेव्हापासून आजतागायत एकच आहे. माणूस अबोल. काहीही विचारा, तो एकच शब्द बोलतो. "वेळेत पोचू ना?" "बघू." "पुढे रस्ता चालू आहे?" "बघू." एका आजींनी घाबरून विचारलं म्हणे, "बाबा, ब्रेक लागतात ना?" तर समोरच्या दरीकडे बघत म्हणाला, "बघू."

तर खिंडीच्या अलीकडे एक लांबलचक वळण आहे. तिथे डावीकडचं सगळं झाकण उघडल्यासारखं होतं आणि एक डोंगर अंगावर येतो. मग चढ लागतो, ड्रायव्हर क्लच दाबतो, गियर बदलतो, बस कण्हते, आणि डोंगर संपतो. मागे काकांनी घड्याळ लावून मोजलंय. चार सेकंद.

त्या चार सेकंदांत मावशीने काय बघितलं, ते तिला सांगता आलं नाही. घरी आली ती ओल्या चपलांनिशी स्वयंपाकघरात उभी राहिली आणि हात डावीकडून उजवीकडे नेत म्हणाली, "असं... असं गेलं."

"काय गेलं?" काका घाबरून म्हणाले. "पर्स?"

पुढच्या वर्षी ती त्या वळणावर मुद्दाम उतरली. स्टूल मांडून दिवसभर बसली. आणि डोंगर कुठेच नव्हता. म्हणजे होता, पण झाडं होती. एकेक झाड, एकेक फांदी, मध्ये विजेचा खांब, खांबाखाली कुणीतरी टाकलेला टायर. "बसून बघितलं की झाडं दिसतात," ती आईला म्हणाली. "मला झाडं नकोत."

"डोंगरावर झाडं नकोत तर काय हवंय, ताई?"

"तेच तर कळत नाहीये ना!"

तेव्हापासून स्टूल घरी राहिलं. दर पानगळीला ती बसमध्ये डावीकडच्या तिसऱ्या खिडकीत बसते, कण्हणं सुरू व्हायच्या आत डोळे ताणून बघते आणि पुढच्या सरळ रस्त्यावर घाईघाईने थेंब लिहून काढते. तांबडा इतका, माती इतकी, काळा इतका. घरी येऊन रंग करते, वाळवते, लावते. पण ब्रश हातात आला की हाताला जुनी खोड आठवते आणि झाडं उगवायला लागतात. खोड, फांदी, पान. काका खूश व्हायचे: "रुंदपर्णी!" आणि मावशी चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. त्यांच्या मागच्या खोलीत अशी दहा चित्रं शिक्षा झालेल्या पोरांसारखी उभी आहेत.

यंदा गोष्ट जरा गळ्याशी आली होती. गावच्या वाचनालयाने मावशीच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. पहिलंवहिलं. वाचनालयाच्या बाई आयुष्यभर 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसल्यामुळे रस्त्यातसुद्धा कुजबुजतात. भर बाजारात त्या मावशीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "वीस चित्रं... घरांची... छान... पण मधली मोठी भिंत आहे ना... बारा फूट... तिथे काहीतरी खास हवं हं..." भाजीवाल्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

आणि मावशीच्या तोंडून निघून गेलं, "तिथे माझा डोंगर येईल."

बोलली आणि पांढरी पडली. बिनथेंबाची. घरी येऊन म्हणाली, "दहा वर्षं नाही जमलं ते तीन आठवड्यांत कुठून आणू? वीस घरांच्या मध्ये एकविसावं घर लावलं तर मी आयुष्यभर घरंच काढत बसेन बघ."

ही यंदाची बस गुरुवारची. आणि नेमका पुन्हा पाऊस, अकरा वर्षांपूर्वीसारखा. वळण आलं, डोंगर आला, खालचा अर्धा भिजून काळपट, वरचा फिका. बस कण्हली, गेला. मावशीने पर्स उघडली तर वही नाही! ती राहिली होती दुसऱ्या पिशवीत. पर्समध्ये कागद होता तो एकच, दुकानातली एक चिठ्ठी.

ती होती दातांच्या डॉक्टरबाईंची. बुधवारी या बाई गुळण्या करायचा प्लॅस्टिकचा पेला घेऊन दुकानात आल्या होत्या. बाईंना सवय आहे समोरच्याच्या तोंडात हात घालून गप्पा मारायची, म्हणून त्या प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "हा निळसर रंग मिळेल? मिळेल ना. बाहेरच्या खोलीच्या मोठ्या भिंतीला हवाय. शांत वाटतो की नाही? वाटतो." मावशीने पेल्याचा रंग जुळवला, चिठ्ठी लिहिली, आणि दुकान बंद करायच्या गडबडीत खिळ्याला टोचायच्याऐवजी पर्समध्ये टाकली.

आता बसमध्ये तिने ती उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर डोंगर लिहिला. नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. संध्याकाळी नखशिखांत भिजून, फटाफट शिंकत परत येताना तिला आठवलं की डॉक्टरबाईंचा रंगारी उद्या डबे न्यायला येणार. दुकानात डोकावून तिने चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि घरी जाऊन अंथरूण धरलं.

डोंगराची बाजू वर आली होती.

शुक्रवारी मालकांनी चिठ्ठी बघितली, रंगारी समोर उभा होता, नाव नसलं तरी आकडे होते, चार डबे केले. झाकणावर रंग लावला तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती म्हणे. नंतर त्यांनी हे मला जातीने सांगितलं. "म्हणजे मी काय म्हणतो, म्हणजे दातांचा दवाखाना, म्हणजे म्हटलं रक्ताचा शिंतोडा उडाला तरी दिसू नये म्हणून घेतला असेल. म्हणजे हुशार बाई आहे!"

रंगारी तर त्याहून वरचा. डबा सांगेल ते लावायचं, हा त्याचा बाणा.

हे सगळं फुटलं शनिवारी सकाळी, आणि तेव्हा मी तिथेच होते. दाढेसाठी. आदल्या दिवशी डॉक्टरबाई परगावी होत्या, दवाखाना बंद, सकाळी मागच्या दाराने आल्या, मला खुर्चीत घेतलं, सुई टोचली, "दुखलं का? नाही ना," म्हणाल्या आणि जबडा बधिर होईपर्यंत बाहेर बसवायला म्हणून मला घेऊन पुढच्या खोलीत आल्या. दार उघडलं आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

"हे काय आहे?"

खुर्च्यांसमोरची आख्खी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस, मातकट, पिकलेली. रंगारी खाली बसून रोलरने खालचा राहिलेला भाग रंगवत होता. म्हणाला, "दुसरा हात झाला की आणखी उठेल."

दुकानात फोन गेला. मालक आले, वाटेत मावशीला उठवून घेऊन आले. नाक लाल, गळ्याला मफलर, हातात रुमाल. मालक दारातूनच, "म्हणजे बाई, म्हणजे चूक झाली, म्हणजे कुणाची ते नंतर बघू," असं करत आत आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मी शांत म्हणाले होते की नाही? म्हणाले होते." आणि मी, जिला या सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढता येतात, तोंड भोपळ्यासारखं सुजवून बसले होते. नुसते कान उघडे.

मावशी रुमाल मुठीत धरून भिंतीकडे बघत होती. दारात उभी राहिली. मग एकदम चालायला लागली, भरभर, भिंतीला समांतर, दारापासून पार काउंटरपर्यंत, मान डावीकडे वळवून. परत दाराशी आली. पुन्हा भरभर गेली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

रंगाऱ्याने पाय आवरून घेतले. "बाई, काही हरवलंय का?"

"गप. मी बसमध्ये आहे."

मालकांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी मालकांकडे.

तिसऱ्या फेरीनंतर मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि नाक शिंकरलं. जोरात. मग भिंतीकडे बोट करून माझ्या कानात म्हणाली, "बये, झाडं नाहीत." आणि हसायला लागली. "झाडंच नाहीत बघ! खाली ओलं, वर वाळलेलं. मी मूर्ख, दर वर्षी डोंगर ड्रायरने वाळवत बसले. ओला रंग खोटं बोलतो, ओला रंग खोटं बोलतो... अगं, डोंगर ओलाच होता की!"

मी म्हणाले, "ऊंऽऽ."

खरंच तसं होतं. खालचा भाग नुकताच लावलेला, ओला, तुकतुकीत, काळपट. वरचा आदल्या दिवशीचा, वाळून फिका पडलेला. मध्ये कुठेतरी एक मऊ सीमा. बारा-चौदा फूट नुसता रंग.

आता तुम्हाला वाटेल, डॉक्टरबाई विरघळल्या आणि म्हणाल्या, राहू दे ही भिंत. छे! त्या ठामपणे म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात लालच बघते की नाही? बघते. मान वर केली की मला निळसर पेला दिसला पाहिजे. सोमवारी सकाळी."

"सोमवारी सकाळी पेलाच दिसेल," मावशी म्हणाली. "मी स्वतः लावते. पण उद्याचा दिवस भिंत माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीतरी झाकायचीच आहे. झाकायच्या आधी मी तिच्यावर काहीही केलं तर तुमचं काय बिघडतं?"

डॉक्टरबाईंनी विचार केला. "काही बिघडतं का? नाही." आणि किल्ली दिली.

रविवारी मी दुपारी गेले, काकांबरोबर, मावशीचा जेवणाचा डबा घेऊन. दार उघडलं तर मावशी शिडीवर. खुर्च्या मधोमध रचून वर चादर घातलेली, रंगारी सुट्टी असूनही आलेला आणि पालथ्या बादलीवर बसून बघत असलेला. ब्रश एकही नव्हता. मावशीच्या हातात भिंतीचा रोलर होता, नऊ इंची, आणि ती तो डोंगराच्या अंगावरून असा ओढत होती की रोलर जिथे कोरडा पडेल तिथे पडू दे. एक लांब पिवळा पट्टा मधेच विरला. त्याखाली एक काळपट. तो नाही आवडला, त्यावर ओली चिंधी फिरवली, अर्धा पुसला गेला, आणि पुसलेलाच बरा दिसला. घरातल्या चित्रांसमोर जीभ चावून बसणारी बाई ती ही नव्हेच. बिघडलं तर बिघडलं, उद्या सगळ्यावर पेल्याचा रंग फिरणार होता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. हात मागे बांधले.

"अगं," ते म्हणाले, "झाड कुठाय?"

"नाहीये."

"एखादं?"

"अहो, चाला."

"कुठे?"

"इथून तिथे. भरभर. मान डावीकडे."

काका चालले. बायकोचं ऐकायची सवय तीस वर्षांची. काउंटरपाशी पोचले, थांबले, चष्मा डोळ्यांवर आणला, परत मागे आले आणि न सांगता पुन्हा चालले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पाऊस पडून गेलाय."

भूगोल सोडून काकांनी चित्राबद्दल केलेलं हे पहिलं विधान. मावशी शिडीवरून त्यांच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी डॉक्टरबाई डोकावल्या. त्याही थोडा वेळ उभ्या राहिल्या. "छान आहे की नाही? आहे," म्हणाल्या. आणि लगेच, "सोमवारपर्यंत जाईल ना?"

"जाईल."

काका कळवळले. "अगं, फोटो तरी काढू दे!"

"फोटोत झाडाएवढा होईल तो," मावशी म्हणाली. तिने पर्समधून वही काढली, या वेळी होती, आणि भिंतीवरच्या एकेका जागेसमोर उभी राहून थेंब लिहून घेतले. पिवळ्या पट्ट्यापुढे लिहिलं: रोलर कोरडा होऊ द्यावा. चिंधीपुढे: पुसावं, घाबरू नये. सोमवारी पहाटे ती आणि रंगारी मिळून दोघांनी आधी पांढरा हात दिला, मग निळसर. आठ वाजता डॉक्टरबाई आल्या तेव्हा भिंतीवर गुळण्यांचा पेला पसरलेला होता. शांत. मावशी गुणगुणत घरी गेली.

डोंगराचा एक डबा न उघडता उरला होता. मालक म्हणाले, "म्हणजे मी काय म्हणतो, हा आता कोण नेणार?" मावशीने नेला. दुकानामागच्या शेडमध्ये प्लायवूडचे तीन तक्ते जोडून ठेवले आणि पंधरा दिवस रोज दुपारच्या सुट्टीत रोलर ओढला. एक तक्ता बिघडला. तिने तो पुसला. पुन्हा बिघडला, पुन्हा पुसला. खालच्या अर्ध्या भागाला चकचकीत रंग दिला, वरच्याला मॅट, म्हणजे खालचं कायम ओलं दिसावं. "बावीस वर्षं लोकांना विचारतेय, चकचकीत हवा की मॅट," म्हणाली, "स्वतःला विचारायचं राहूनच गेलं."

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं गणगोत आलं. घरांपाशी गर्दी. "हे आमच्याकडच्यासारखंच आहे!" "आमच्याकडे कुंपण निळं आहे." मग मधल्या भिंतीपाशी येऊन सगळे थबकले. आमच्या मोठ्या मामींनी पर्स पोटाशी धरली आणि आईला कोपराने ढोसून विचारलं, "हे अजून व्हायचंय का गं?"

तेवढ्यात काका पुढे झाले. मी त्यांना शाळेच्या सहलीत बघितलंय, अगदी तसेच. "थांबू नका! थांबून बघायचं नाही! तिकडून सुरुवात करा, डावीकडे बघत चालत राहा, रांग मोडू नका. मामी, तुमच्यामागे लोक खोळंबलेत." आणि वाचनालयाच्या बाई त्यांच्यामागून जिवाच्या आकांताने कुजबुजत होत्या, "पळू नका... कृपया... चाला पण... पळू नका..." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सलग पाच फेऱ्या मारल्या आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं म्हणाले. दुसऱ्या फेरीनंतर मामींची पर्स पोटावरून खाली आली. सगळ्यांना आवडलं असं मुळीच नाही. मालक म्हणाले, "म्हणजे रंग एकदम पक्का लागलाय."

मावशी मात्र कुणाकडेच बघत नव्हती. कोपऱ्यात उभी राहून मफलरची गाठ बांधत-सोडत होती. एवढ्या सगळ्यांत तो डोंगर खरा बघितलेला तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. काका दोनदा बसमधून गेले होते, पण घड्याळाकडे बघत. मग तो तोच आहे की नुसताच चांगला रंग आहे, हे कोण सांगणार?

चार वाजता दारात ड्रायव्हर आला. गणवेशात, बस स्टँडवर उभी करून, हातात टोपी. मावशीने आदल्या आठवड्यात त्याला चिठ्ठी दिली होती: प्रदर्शन आहे, या. तो म्हणाला होता ते तुम्हाला माहीत आहे.

त्याला कुणी काही सांगितलं नाही. काका नेमके पाणी प्यायला गेले होते. तो आपला दारातून आला आणि सरळ चालत निघाला, त्याच्या चालीने, ना हळू ना भरभर, डोळे समोर, जरासे डावीकडे. पहिला तक्ता गेला. दुसरा. तिसरा संपत आला, आणि तिथे त्याचा डावा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला. डावा हात पुढे आला, मुठीत काहीतरी धरल्यासारखा, आणि खाली ओढला गेला.

क्लच. गियर.

तो स्वतःच दचकला. पायाकडे बघितलं. मग मागे वळून भिंतीकडे. मग मावशीकडे.

"अहो," तो म्हणाला, "इथे चढ लागतो."

मावशीच्या हातातली मफलरची गाठ सुटली ती सुटलीच. तिने दोन्ही हात तोंडावर नेले. काय म्हणाली ते कळलं नाही, पण खांदे हसत होते.

ड्रायव्हर टोपी फिरवत उभा राहिला आणि मग त्याने एवढं मोठं भाषण केलं की वाचनालयाच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "इतकी वर्षं तिसऱ्या खिडकीत बसता, आधी सांगायचं की! थांबवली असती तिथे. पुढच्या फेरीला थांबवतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बघा हवं तेवढं."

"खबरदार!" मावशी ओरडली. सगळं वाचनालय वळलं. "थांबवायची नाही. हळूसुद्धा करायची नाही. तुम्ही थांबवलीत की तिथे झाडं येतात."

ड्रायव्हरने यावर मान डोलावली, जणू काही रस्त्यात झाडं येणं ही त्याच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट. मग म्हणाला, "परतीला कधी बघितलंय? उजवीकडून? खालून वर येतं ते. निराळंच."

"परतीला मी झोपते," मावशी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "अकरा वर्षं. परतीला मी झोपतेच."

"झोपू नका."

"दिसेल मला? या वर्षी पानं राहिली असतील?"

ड्रायव्हरने टोपी घातली. "बघू," म्हणाला आणि बसकडे गेला.

आईने कपाळावर हात मारला. "झालं! म्हणजे आता आणखी अकरा वर्षं!" मालक म्हणाले, "म्हणजे मी काय म्हणतो, बाई, रजा घ्या, पण चिठ्ठी दोन्ही बाजूंनी लिहू नका." आणि काका, पाणी पिऊन परतलेले, मिशा पुसत उभे होते. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी प्रदर्शनाच्या पत्रकामागे काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"अगं ऐक. परतीला तिथे उतार आहे. वेग जास्त येतो. चार सेकंद काही मिळायचे नाहीत तुला. तीन. फार तर तीन."

मावशी मफलर नीट गुंडाळत होती. उजवीकडची तिसरी खिडकी तिच्या डोळ्यांत आत्ताच दिसायला लागली होती.

"पुरेत की," ती म्हणाली.